मोटारीची हमाली

चांदवड हें मुंबई-आग्रा रस्त्यावरचें गांव. रेणुकामातेच्या दर्शनास जावें तरी महामार्गावरील वाहनांचा घोष कानीं पडतो, आणि राहुडच्या घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग रात्रंदिवस तुटत नाहीं. मोटारीचें अप्रूप येथें कोणास वाटावयाचें कारण नाहीं. परंतु रस्त्यानें जाणारी मोटार पाहणें निराळें आणि ती आपल्या दारांत आणून उभी करणें निराळें. एका मुलाची नोकरी नाशिकास, दुसऱ्याची पुण्यास, आजींच्या डोळ्यांचा दवाखाना तिसऱ्याच गांवीं, अशी स्थिति झाल्यामुळें मध्यम प्राप्तीच्या एकत्र कुटुंबासही आतां मोटार घ्यावी लागते. ती घ्यावी कीं न घ्यावी हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. घ्यावयाची असें ठरल्यावर जी किंमत सांगितली जाते, तिच्या खालीं कोटेशनच्या तळाशीं जीं लहानमोठीं कलमें मुकाट्यानें येऊन बसतात, त्यांजविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे.

चांदवड तालुक्याचें पीक कांदा. बाजार समितींत कांदा विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं हिशेबपट्टी असते. हमाली किती, तोलाई किती, हें तो ओळीवर बोट ठेवून वाचतो, आणि एखादी रक्कम अधिक दिसली तर तेथेंच उभा राहून कारण विचारतो. अडत म्हणून जी रक्कम शेतकऱ्याच्या पट्टींतून वर्षानुवर्षें कापली जात असे, तिजविरुद्ध ओरड होऊन अखेर जुलै २०१६ मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला यांवरील अडत खरेदीदारानें द्यावी असा पालट केला. आणि ज्या गांवच्या बाजारांत पै-पैची अशी विचारपूस होते, त्याच गांवचा पदवीधर गृहस्थ नाशिकास किंवा मालेगांवास जातो, आठ-नऊ लाखांची मोटार पसंत करतो, कोटेशनवर 'हँडलिंग चार्जेस' या नांवाखालीं कांहीं हजारांची रक्कम पाहतो, आणि अंमळ हसून सही करतो. हँडलिंग म्हणजे आपल्या भाषेंत हमालीच कीं नाहीं? कांद्याच्या गोणीची हमाली समजते, कारण ती गोणी कोणीतरी पाठीवर वाहिलेली असते. मोटारीस तर देवानें चार चाकें दिलेलीं आहेत.

मोटारीची जी 'एक्स-शोरूम' किंमत म्हणतात, तींत कारखान्याची किंमत, वस्तु व सेवा कर, कारखान्यापासून दुकानापर्यंतची वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा हीं सर्व सामान्यतः धरलेलीं असतात. गाडी उतरविली, धुतली, तपासली आणि गिऱ्हाइकापुढें उभी केली, येथपर्यंतची मेहनत या किंमतींत आली. यापुढें 'ऑन रोड' किंमत होईपर्यंत जीं कलमें चढतात त्यांची जात एक नाहीं. कांहीं सरकारचीं, कांहीं विमा कंपनीसारख्या तिऱ्हाइताचीं आणि कांहीं खुद्द विक्रेत्याचीं. हीं सर्व एकाच रकान्यांत, एकाच ठशांत छापलेलीं असल्यामुळें वाचणारास सारींच सारखीं अपरिहार्य वाटतात, आणि सर्व घोटाळा येथेंच होतो.

सरकारच्या कलमांत घासाघीस नाहीं. महाराष्ट्रांत व्यक्तीच्या नांवें घेतलेल्या पेट्रोल मोटारीस १० लाखांपर्यंत शेंकडा ११, १० ते २० लाखांपर्यंत शेंकडा १२ आणि त्यापुढें शेंकडा १३ असा एकरकमी वाहनकर आहे. डिझेलच्या मोटारीस प्रत्येक पायरीवर दोन टक्के अधिक. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीस हा कर ८८,००० रुपये होतो, आणि कोटेशनवर 'आर.टी.ओ.' या नांवानें जी मोठी रक्कम दिसते ती मुख्यतः ही. नोंदणीचें खुद्द शुल्क मात्र खासगी मोटारीस अवघें ६०० रुपये आहे. कर्ज काढलें असेल तर त्याची नोंद करण्याचे १,५०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. यांखेरीज किरकोळ उपकर व टपालखर्च असेल तितका. तेव्हां आठ लाखांच्या मोटारीस 'आर.टी.ओ.' या एका शब्दापुढें जर एक लाख पांच हजार लिहिले असतील, तर कर व शुल्क वजा जातां उरलेले रुपये कशाचे, हें विचारावयास कोणत्याही परीक्षेची पदवी लागत नाहीं.

आणखी एक रक्कम येथेंच सांगून टाकतों. १० लाखांहून अधिक किंमतीच्या मोटारीवर विक्रेत्यानें शेंकडा १ आयकरापोटीं वसूल करावा, असा नियम १ जून २०१६ पासून आहे. हा खर्च नव्हे. वर्षाचें आयकर-पत्रक भरतांना ही रक्कम आपल्या करांत वळती होते किंवा परत मिळते. पण मोटार आजोबांच्या नांवें आणि आयकर-पत्रक भरणार फक्त नातू, अशा घरांत ती विशेषेंकरून बुडते. मोटार कोणाच्या नांवें घ्यावी याचा विचार मानापमानापलीकडे जाऊन एवढ्यासाठीं तरी करावा.

विम्याची गोष्ट निराळी. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्यानें सक्तीचा असून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी मोटारीस तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवितें, म्हणून तो सर्व दुकानांत सारखाच. १ जून २०२२ रोजीं लागू झालेल्या दरांत १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या मोटारीस तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि वर कर असे होते. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, त्याचा दर मात्र कंपनीगणिक बदलतो, आणि विक्रेत्याच्या मिळकतीचा एक मोठा झरा येथें आहे. "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल" असें वाक्य कानीं आलें तर तें खरें नाहीं एवढें लक्षांत ठेवावें. विमा नियामक प्राधिकरणानें विक्रेत्यांच्या विमाव्यवहारासाठीं नोव्हेंबर २०१७ पासून नियम घालून दिले आहेत, आणि विमा कोणाकडून घ्यावा ही निवड गिऱ्हाइकाची आहे. "बाहेरचा विमा घेतलात तर आमच्या कारखान्यांत रोख भरून दुरुस्ती करावी लागेल" असेंही भय घातलें जातें. रोख भरावे लागतील कीं नाहीं हें त्या विमा कंपनीचा त्या कारखान्याशीं करार आहे कीं नाहीं यावर अवलंबून असतें. विमापत्र कोणाच्या टेबलावर लिहिलें गेलें यावर नव्हे.

जुनी मोटार विकून नवी घेणाऱ्या कुटुंबांनीं तर येथें विशेष सावध असावें. वर्षानुवर्षें नुकसानभरपाई न मागितल्याबद्दल विम्याच्या हप्त्यांत जी सूट मिळते, ती वाढत वाढत शेंकडा ५० पर्यंत जाते, आणि ती सूट मोटारीची नसून मालकाची असते. जुन्या कंपनीकडून तसें पत्र घेतलें म्हणजे तीन वर्षांच्या आंत नव्या मोटारीच्या विम्यास ती लावतां येते. कोटेशन तयार करणारा मुलगा हें आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा करूं नये. वडिलांनीं दहा वर्षें सांभाळून गाडी हांकली, त्याचें फळ हातावर पाणी सोडल्यासारखें सोडून द्यावें, हें आम्हांस तरी पटत नाहीं.

आतां विक्रेत्याचीं स्वतःचीं कलमें. यांची नांवें दुकानागणिक पालटतात: कोठें हँडलिंग, कोठें लॉजिस्टिक्स, कोठें डेपो चार्जेस. त्यांच्या शेजारीं मॅट, चिखलपट्ट्या, देव्हाऱ्यांतल्या मूर्तीपासून सुगंधाच्या बाटलीपर्यंत वस्तूंचा एक 'एसेन्शियल किट', रंगावरचें कोटिंग, वाढीव वॉरंटी. फास्टॅग १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीस लावूनच द्यावा लागतो, आणि १ एप्रिल २०१९ नंतर तयार झालेल्या वाहनांस उच्च सुरक्षेची नंबरपाटी कारखान्यानेंच पुरवावयाची आहे. तरी या दोहोंच्या नांवेंही कोठें कोठें हजार-दीड हजार लिहिलेले आढळतात. फास्टॅगबद्दल पैसे घेतले असतील तर त्यांतील शिल्लक किती, हें चांदवडच्या टोलनाक्याशीं पोंचण्यापूर्वींच विचारलेलें बरें.

हँडलिंगचें समर्थन असें केलें जातें, कीं नोंदणीसाठीं माणूस पाठवावा लागतो, कागद करावे लागतात, गाडी न्यावी लागते. एके काळीं त्यांत तथ्य होतें. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें विक्रेता ज्या राज्यांतला त्याच राज्यांत नव्या मोटारीची नोंदणी व्हावयाची असेल तर अर्ज विक्रेत्यानेंच करावयाचा आहे. आणि अधिकृत विक्रेत्यानें विकलेली नवी मोटार पहिल्या नोंदणीसाठीं अधिकाऱ्यापुढें हजर करण्याचीही गरज राहिलेली नाहीं. नोंदणीचा क्रमांक लागल्याशिवाय मोटार गिऱ्हाइकाच्या ताब्यांत देतां येत नाहीं. म्हणजे हें काम विक्रेत्याच्या गळ्यांत कायद्यानेंच घातलेलें आहे, त्याची निराळी बिदागी मागणें म्हणजे दुकानदारानें तागडी धरल्याचे पैसे मागण्यासारखें झालें. कायद्यांत किंवा त्याखालील नियमांत हँडलिंग नांवाचें शुल्कच नाहीं. दोघांनीं राजीखुषीनें ठरविलें तर गोष्ट वेगळी. पण सरकारी कराच्या ओळींत बसवून तें सरकारी असल्याचा भास उत्पन्न करणें हें व्यापाराच्या सचोटींत बसत नाहीं.

हें दुखणें केवळ आपलें नव्हे. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस 'डॉक फी' हा शब्द चांगला परिचयाचा आहे; कागदपत्रांच्या नांवानें तेथील विक्रेते ती आकारतात, आणि तिची मर्यादा राज्याराज्यांत निरनिराळी. तेथें १९५८ सालीं सिनेटर मनरोनी यांच्या पुढाकारानें कायदा होऊन प्रत्येक नव्या मोटारीच्या कांचेवर कारखान्यानें सुचविलेली किंमत व वाहतुकीचा खर्च छापलेला कागद लावणें सक्तीचें झालें. एवढ्यानेंही भागलें नाहीं. विक्रेत्यांनीं पूर्ण किंमत आरंभींच सांगावी असा नियम डिसेंबर २०२३ मध्यें तेथील व्यापार आयोगानें केला, तो जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें रद्द ठरविला. आपल्याकडे तर कांचेवर कागद लावण्याचाही नियम नाहीं.

जुन्या मंडळींस येथें 'ऑन'ची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्याची फियाट किंवा आकुर्डीची बजाज स्कूटर नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्याखेरीज मिळत नसे; ज्याचा नंबर लागे तो ती वरकड पैसे घेऊन दुसऱ्यास देई, आणि त्या वरकड पैशांस 'ऑन' म्हणत. सरकारनें १९५९ मध्यें मोटारींच्या वांटपावर व विक्रीवर नियंत्रण-हुकूम काढूनही तो प्रकार थांबला नाहीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुती गिऱ्हाइकाच्या हातीं पडली, पुढें १९९१ नंतर कारखाने वाढले, आणि 'ऑन' हळूहळू विस्मृतींत गेला. पण त्याचें मूळ टंचाईंत होतें, व टंचाई आली कीं त्याला पुन्हा अंकुर फुटतात. २०२१-२२ मध्यें इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडून मोटारींसाठीं महिनोन्महिने थांबावें लागलें, त्या वेळीं "किट घ्याल तर गाडी लवकर" अशी भाषा पुष्कळांनीं ऐकली. ज्या मोटारीस सहा महिन्यांची रांग आहे तिच्यासाठीं घासाघीस करणें कठीण, आणि जी अंगणांत उभी आहे तिच्यासाठीं सोपें, हें व्यवहाराचें तत्त्व तेव्हांही होतें व आजही आहे.

विक्रेत्यास सरसकट दोषी ठरविणेंही बरोबर नाहीं. गाडीच्या किंमतींतील त्याचा वांटा मोठा नसतो, आणि ती किंमत ठरविण्याचें स्वातंत्र्यही त्यास पुरतें नसतें. २०१७ च्या अखेरीस भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनांवी ई-पत्र गेलें. लिहिणारा आपण मारुतीचा विक्रेता असल्याचें सांगत होता, आणि तक्रार मुंबईखेरीजच्या महाराष्ट्राच्या विभागासंबंधीं होती: ठरवून दिलेल्या सुटीपेक्षां अधिक सूट कोणी विक्रेत्यानें दिली तर कंपनी त्यास दंड करते. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, गिऱ्हाइकाच्या वेषांत माणसें पाठवून कोण किती सूट देतो याची टेहळणी होत असे. २३ ऑगस्ट २०२१ रोजीं आयोगानें कंपनीस २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीनें तो निर्णय मान्य न करतां अपील केलें. अपिलाचें कांहींही होवो, या प्रकरणानें एक गोष्ट उजेडांत आणली. समोर बसलेला विक्रेता किंमतींत हात घालावयास भितो, म्हणून त्याची सारी कसरत तळाच्या कलमांत चालते. आपणही घासाघीस तेथेंच करावी. "किंमत कमी करा" असें म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास तो हात जोडून नाहीं म्हणतो; "ही ओळ कशाची?" असें विचारणाऱ्यास त्याला उत्तर द्यावें लागतें.

आणि येथेंच आमच्या घरांतील खरें दुखणें येतें. शिकल्यासवरलेल्या कुटुंबांत घासाघीस करणें हलकेपणाचें मानतात. आठ लाख देणारानें सात हजारांसाठीं तोंड वेंगाडावें काय, असा प्रश्न करणारा एकतरी मोठा माणूस प्रत्येक घरांत असतो. भीड भिकेची बहीण, ही म्हण तो मुलांना शिकवितो, पण शोरूमच्या थंडगार हवेंत कोणी चहाचा पेला पुढें केला कीं स्वतः विसरतो. सात हजार म्हणजे कोण्या भाचीच्या परीक्षेची वर्षाची फी, किंवा मोलकरणीचा दिवाळीचा बोनस आणि वर कांहीं. तेवढी रक्कम घरांत खर्चावयाची असती तर चार माणसांनीं चर्चा केली असती. भिडेचें आणखी एक भावंड म्हणजे मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा यांपैकीं एखादा दिवस घरांत ठरतो, देवीपुढें गाडीची पूजा करावयाची म्हणून मुली-जांवयांस बोलावणीं जातात, आणि मग उत्साहानें आपण तो दिवस विक्रेत्यास सांगून टाकतों. तो दिवस त्याला कळला कीं आपल्या हातांतलें सर्व बळ गेलें. मुहूर्त अवश्य पाळावा, पण दर लेखी ठरेपर्यंत तो पंचांगांतच राहूं द्यावा.

२०२५ च्या पितृपंधरवड्यांत चांदवडच्या एका परिचित कुटुंबाबरोबर नाशिकच्या एका शोरूममध्यें जाण्याचा योग आला. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या सुमारास वस्तु व सेवा कराचे नवे दर जाहीर झाले होते. चार मीटरांच्या आंतील, १,२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर २८ टक्के व वर उपकर होता, तो उपकर जाऊन एकूण १८ टक्के होणार होते, आणि तेही २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेस. सारें गिऱ्हाईक त्या दिवसाची वाट पाहत घरीं बसलेलें, दुकानांत शुकशुकाट. तिघां भावांचें एकत्र घर. थोरले काका निवृत्त शिक्षक, मोटारीचा रंग पुतण्यानें ठरविलेला, आणि घरचा हिशेब थोरल्या काकूंकडे. काकूंनीं कोटेशन अगोदर मागवून घेतलें होतें व वहीच्या पानावर त्याचीं तीन वाटे केलीं होतीं: सरकारचें, विमेवाल्यांचें, दुकानाचें. नोंदणीची आगाऊ रक्कम त्यांनीं मुद्दामच भरूं दिली नव्हती.

विक्रीस बसलेला तरुण मोठा विनयशील होता. "काकू, हँडलिंग सगळ्यांनाच लागतें. कॉम्प्युटरमध्येंच आहे तें, मला काढतां येत नाहीं."

"तुम्हांला येत नसेल तर ज्यांना येतें त्यांना बोलवा," काकू शांतपणें म्हणाल्या. "आणि तोंवर एवढें लिहून द्या, कीं हे साडेसात हजार कोणत्या कामाचे."

"गाडी यार्डांतून आणावी लागते, धुवावी लागते, नंबराची धांवपळ असते."

"नंबराचें काम तर कायद्यानें तुमचेंच आहे ना? आणि न धुतलेली गाडी तुम्ही कोणाला विकतां का, बाळ?"

काका खुर्चींत चुळबुळ करीत होते. "अहो, जाऊं द्या, एवढ्याशासाठीं..." असें कांहीं पुटपुटले, काकूंस तें ऐकूं आलें नाहीं. व्यवस्थापक आले. त्यांनीं प्रथम तेवढ्याच किंमतीचे मॅट व आसनांचे अभ्रे देऊं केले. "अभ्रे आम्ही चांदवडांत शिवून घेऊं. वस्तु नको, ओळ खोडा," एवढेंच उत्तर. पाऊण तासानें ओळ खोडली गेली. किट गेलें, कोटिंग गेलें. विम्याचें बाहेरचें दरपत्रक पुतण्याच्या फोनमध्यें होतें; जुन्या गाडीची सूट धरून तितक्याच रकमेंत विमा द्यावयास दुकान कबूल झालें, व मग तो त्यांच्याकडूनच घेतला. वाढीव वॉरंटी मात्र काकूंनीं आपण होऊन ठेवली. घरांत गाडी हांकणारे चार हात आहेत, असें त्या म्हणाल्या. नवें कोटेशन तारीख व सही घालून हातीं आल्यावरच आगाऊ रक्कम भरली, आणि देवघेवीच्या दिवशीं जो कर असेल तोच लागेल हें वाक्य पावतीवर लिहवून घेतलें.

सगळें मनासारखें झालें असें नाहीं. २ ऑक्टोबरचा दसरा हुकला. पाहिजे त्या रंगाची गाडी २२ ऑक्टोबरला, पाडव्यास मिळाली. घटस्थापनेनंतरची गर्दी हें त्याचें कारण कीं काकूंची घासाघीस, यावर त्या घरांत अद्याप दोन पक्ष आहेत.

विक्रेता ओळ खोडावयास तयारच नसेल तर काय करावें? पहिला उपाय दुसऱ्या दुकानाचा. एकाच कंपनीचे एकाहून अधिक विक्रेते नाशिकसारख्या शहरांत असतात, आणि एकाचें लेखी कोटेशन दुसऱ्यास दाखविण्यांत कसलाही अधर्म नाहीं. तेंही न साधलें, व गाडी तीच पाहिजे असली, तर रक्कम भरावी, पण त्या कलमाचें कर लावलेलें रीतसर बिल मागावें आणि आपली हरकत लिहून द्यावी. बिल मागितल्याबरोबर कांहीं कलमें वितळून जातात. विक्रेत्याचें व्यापार प्रमाणपत्र परिवहन कार्यालयाकडून मिळालेलें असतें, तेव्हां पहिली तक्रार तेथें करतां येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. त्याहीपुढें जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें गिऱ्हाईक जेथें राहतें त्या जिल्ह्यांत फिर्याद करतां येते, म्हणून गाडी पुण्यामुंबईस घेतली तरी चांदवडकरास नाशिकचें दार मोकळें आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली तर काम जिल्हा आयोगापुढें चालतें. ग्राहक चळवळीचें बीज महाराष्ट्रांत १९७४ मध्यें बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास ग्राहक पंचायतीच्या रूपानें पेरलें, संसदेचा पहिला ग्राहक कायदा त्यानंतर बारा वर्षांनीं, १९८६ मध्यें आला. असें असतां मराठी घरांनींच बिल मागावयास लाजावें हें विचित्र दिसतें.

ट्रॅक्टर घेणाऱ्यांस हेंच सर्व थोड्या फरकानें लागू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. जुन्या दराच्या कोटेशनावर सही झालेली असेल तर फरक मागून घ्यावा.

मोटार दारांत आल्यावर हिशेब मिटला असें समजून कागद कपाटांत टाकूं नयेत. नोंदणीचें कार्ड टपालानें येतें, आणि कर व शुल्क भरल्याच्या सरकारी पावत्या विक्रेत्याकडून मागून घेतां येतात. त्या पावत्यांची बेरीज आणि कोटेशनवरील 'आर.टी.ओ.'ची रक्कम जुळवून पाहावी. वर सांगितलेल्या घरांत काकूंनीं ती जुळविली, तों नऊशें रुपयांचा फरक निघाला. त्यांनीं दोन्ही कागदांच्या प्रती दुकानास पाठविल्या, आणि आठ दिवसांनीं ते रुपये काकांच्या खात्यांत जमा झाले.